खेळ मुलाकडून काय करवून घेतो?

(एका पालक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



संयोजकांनी मला दिलेला विषय होता, ‘व्हिडिओ गेम : शाप की वरदान?’ शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेला हा विषय शोभून दिसतो. घरात मात्र त्याचा फारसा उपयोग नाही, कारण घरात आपल्यापुढे ‘व्हिडिओ गेम’ नावाची अमूर्त वस्तू कधीच येत नाही. समोर येतो तो एक विशिष्ट गेम, एका विशिष्ट वयाचा मुलगा किंवा मुलगी, आणि ‘बाबा, हा घेऊ का? वर्गातले सगळे खेळतात’ हा प्रश्न. त्या प्रश्नाला हो म्हणायचे की नाही, हे कशाच्या आधारावर ठरवायचे, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे. संयोजकांची मी तशी परवानगी घेतली आहे.

सरसकट भीती किती निरुपयोगी असते, याचे उदाहरण आपण सर्वांनी पाहिले आहे. २०१७च्या पावसाळ्यात ‘ब्लू व्हेल’ या नावाने देशभर हाहाकार उडाला होता. शाळांतून सूचना निघाल्या, वाहिन्यांवर चर्चा झडल्या, प्रत्येक भ्रमणध्वनीवर इशाऱ्याचे संदेश फिरले. तो गेम कोणी पाहिला होता का? दुकानातून विकत घेता येईल किंवा मोबाइलवर उतरवून घेता येईल असा तो गेमच नव्हता. जानेवारी २०१८मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत लेखी उत्तर दिले की, ज्या घटनांचा संबंध या खेळाशी जोडला जात होता, त्यांपैकी एकाही घटनेत त्याचा सहभाग सिद्ध होऊ शकलेला नाही. त्या घरांतील दुःख खरे होते, त्याविषयी शंका नाही. परंतु न पाहिलेल्या गेमविषयी आपण मुलांना महिनोन्महिने बजावत होतो, आणि त्याच काळात त्यांच्या हातात जे गेम खरोखर चालू होते त्यांची नावेही आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नव्हती.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे गेम पाहणे. पाहायला बसलेल्या पालकाला सर्वांत आधी दिसतो तो आकडा. गुगलच्या प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली ३+, ७+, १२+, १६+, १८+ असे लिहिलेले असते. आपल्याला वाटते, कोणीतरी जाणकार मंडळींनी बसून, खेळून हा आकडा दिला असेल. चित्रपटाची सवय आपल्याला असते. १९५२च्या कायद्यान्वये चित्रपट प्रमाणित होतो, आणि २०२३च्या दुरुस्तीनंतर तर पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या चित्रपटांचेही ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे झाले आहेत. गेमला अशा रीतीने पाहून प्रमाणपत्र देणारे मंडळ आपल्याकडे नाही. मोबाइलच्या दुकानात जो आकडा दिसतो तो मुख्यत्वे गेम बनवणाऱ्याने भरलेल्या प्रश्नावलीतून येतो. रक्त दिसते का, शिव्या आहेत का, नग्नता आहे का, जुगार आहे का, खेळणारे एकमेकांशी बोलू शकतात का, अशा प्रश्नांना त्याने उत्तरे द्यायची आणि त्यावरून एका आंतरराष्ट्रीय व्यवस्थेमार्फत वयोगट ठरायचा.

या व्यवस्थेचा जन्म अमेरिकेत झाला, आणि तोही उद्योगाच्या सदसद्विवेकातून झाला असे म्हणवत नाही. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ नावाच्या मारामारीच्या गेममध्ये प्रतिस्पर्ध्याचे हृदय उपटून काढण्यासारखी दृश्ये होती. त्यावरून डिसेंबर १९९३मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली. सरकारी कायदा येण्याची चिन्हे दिसताच उद्योगाने १९९४मध्ये स्वतःचेच मानांकन मंडळ स्थापन केले. युरोपने २००३मध्ये आपले वेगळे मानांकन आणले. त्यांचा उपयोग निश्चित आहे, त्यांना मी कमी लेखत नाही. १८+ लिहिलेले असेल तर बारा वर्षांच्या मुलाच्या हाती तो गेम देऊ नये. त्यावर चर्चाही नको. पण आकड्याच्या मर्यादाही ओळखून असावे. २००४ साली आलेल्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ या गेमला अमेरिकेत १७ वर्षांवरील मुलांसाठीचे मानांकन मिळाले होते. तबकडीत एक अश्लील दृश्य दडवून ठेवलेले होते आणि थोडी तांत्रिक खटपट करून ते उघडता येत होते, हे २००५मध्ये बाहेर आले. जुलै २००५मध्ये मानांकन बदलून ‘केवळ प्रौढांसाठी’ करावे लागले. तोवर तो गेम लक्षावधी घरांत पोहोचला होता.

याहून महत्त्वाची मर्यादा वेगळी आहे. हा आकडा गेममध्ये काय दिसते आणि काय ऐकू येते एवढेच सांगतो. ३+ याचा अर्थ ‘आक्षेपार्ह असे काही नाही’ इतकाच. तीन वर्षांच्या बाळाला त्यातून काही लाभेल, किंवा ते बाळ तो गेम खाली ठेवू शकेल, याची हमी त्यात कोठेही नाही. आणि माझ्या मते पालकांची खरी परीक्षा तेथूनच सुरू होते. गेम म्हणजे चित्रपट नव्हे. चित्रपट मूल पाहते. गेममध्ये मूल स्वतः काहीतरी करते, तीच कृती शेकडो वेळा करते, आणि त्या कृतीला बक्षीस मिळते. म्हणून गेममध्ये काय दिसते यापेक्षा गेम मुलाकडून काय करवून घेतो, हे पाहिले पाहिजे.

हे निकष आपल्याला परके नाहीत. शाखेतील मुख्यशिक्षक हेच तर रोज करत असतो. समोर शिशू आहेत, बाल आहेत की तरुण, हे पाहून तो खेळ निवडतो. कबड्डीचेच पाहा. बाद झालेला गडी बाहेर बसतो, पण कायमचा नव्हे. त्याच्या संघातल्या कोणी गुण मिळवला की तो जिवंत होऊन आत येतो. माझे पुनरागमन दुसऱ्याच्या पराक्रमावर अवलंबून आहे, हे दहा वर्षांच्या मुलाला बौद्धिकातून समजावणे कठीण. कबड्डीच्या अंगणात मात्र ते त्याच्या अंगात भिनते.

आपल्या परंपरेत याची अधिक सुंदर उदाहरणे आहेत. मोक्षपटाचा खेळ आपली परंपरा निवृत्तीनाथ-ज्ञानेश्वर या भावंडांशी जोडते. जुन्या पटांवर घरांना गुणावगुणांची नावे असत. शिडी लागली ती दया किंवा भक्ती यांच्या घरात, साप चावला तो लोभाच्या किंवा क्रोधाच्या घरात. हाच खेळ इंग्रजांनी विलायतेला नेला आणि पुढे नावे पुसली जाऊन उरले ते नुसते साप आणि नुसत्या शिड्या. गंमत अशी की, आज आपली मुले मोबाइलवर जी सापशिडी खेळतात ती तिकडून परत आलेली. खेळाची चौकट तीच, कवडीचे दानही तेच, पण पटावरून अर्थ निघून गेला. खेळ निवडताना नेमके काय गमावले जाऊ शकते, हे यावरून कळते.

आणि दुसरे टोक म्हणजे द्यूत. धर्मराजासारखा विवेकी पुरुष फाशांपुढे बसला आणि उठू शकला नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अक्षसूक्त नावाचे एक विलक्षण सूक्त आहे. त्यात जुगारी स्वतःच बोलतो. फासे आपल्याला कसे ओढून नेतात, बायको कशी दुरावली, न खेळण्याचा निश्चय फाशांचा आवाज कानी पडताच कसा ढासळतो, हे तो सांगतो. शेवटी त्याला सांगितले जाते, फासे टाक आणि शेती कर. ही वेदना हजारो वर्षांपूर्वी ओळखणारा आपला समाज आहे. म्हणून मोबाइलमधील गेम पाहताना मी विचारतो : यात मुलाला उठून जाता येते का?

आता एक प्रत्यक्ष गेम घेऊ. पब्जीविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. सप्टेंबर २०२०मध्ये केंद्र सरकारने त्याच्यासह ११८ ॲपवर बंदी घातली, ती देशाची सुरक्षा आणि नागरिकांची माहिती यांच्या कारणास्तव, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली. मुलांच्या हिताचा तो निर्णय नव्हता. त्याआधी मार्च २०१९मध्ये राजकोटच्या पोलिसांनी मात्र मुलांवरील परिणामांचे कारण देऊन हा गेम बंद केला होता आणि खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना अटकही केली होती. ज्याच्या हातात आपणच फोन दिला त्या मुलाला पोलिसांनी पकडून न्यावे, हा काही संस्काराचा मार्ग नव्हे. पुढे हाच गेम जुलै २०२१मध्ये ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नव्या नावाने परत आला, जुलै २०२२मध्ये दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३मध्ये पुन्हा आला. सरकारने बंद केला होता म्हणून वाईट, आणि परत येऊ दिला म्हणून चांगला, असा हिशेब करणाऱ्या पालकाने या काळात चार वेळा मत बदलले असते.

तो गेम मुलाकडून काय करवून घेतो? शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, शस्त्रे गोळा करतात, सुरक्षित वर्तुळ आकुंचन पावत जाते आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. शेवटच्या एकट्याने उरण्यासाठी इतर सर्वांनी नष्ट व्हायला हवे, ही त्याची मूळ रचना. मात्र चौघांचा गट करून खेळले तर एकमेकांना सावरणे, जखमी साथीदाराला उठवणे, सांकेतिक बोलणे हेही त्यात आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. पण घरातील भांडण होते ते बंदुकीवरून नव्हे. एक डाव साधारण अर्धा तास चालतो आणि तो मध्ये थांबवता येत नाही. आई स्वयंपाकघरातून हाक मारते, ‘पान वाढलंय, ये.’ मुलगा म्हणतो, ‘पाच मिनिटं.’ आईला वाटते मुलगा उर्मट झाला. मुलाला वाटते, मी उठलो तर माझे तिघे मित्र माझ्यामुळे हरतील. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि भांडण लावून देणारा गेम नामानिराळा राहतो! ज्या घरात पुरेसे मोठे मूल असा गेम खेळणारच आहे, तेथे वेळ घड्याळाने मोजू नये, डावांनी मोजावा. जेवणाआधी एक डाव, आणि तो संपल्यावर फोन जागेवर. ही साधी गोष्ट केली तर निम्मी वादावादी टळते, असा माझा अनुभव आहे.

याच गेमविषयी आणखी एक तपशील सांगतो. २०२१मध्ये तो नव्या नावाने आला तेव्हा कंपनीने जबाबदारीची ग्वाही म्हणून जाहीर केले की, १८ वर्षांखालील खेळाडूला दिवसाला तीन तासच खेळता येईल, आणि दिवसाला ७,००० रुपयांपेक्षा अधिक खर्च करता येणार नाही. मी पुन्हा सांगतो, महिन्याला नव्हे, दिवसाला. मध्यमवर्गीय घराचा महिन्याचा किराणा ज्या रकमेत येतो, ती रक्कम एका मुलाची एका दिवसाची ‘मर्यादा’!

आणि हा खर्च कशावर? पोशाखांवर, बंदुकीच्या रंगांवर, आणि बंद पेट्यांवर. या बंद पेटीला ‘लूट बॉक्स’ म्हणतात. पैसे आधी द्यायचे, आत काय निघेल ते नंतर कळायचे. बहुधा किरकोळ काहीतरी निघते, क्वचित दुर्मीळ. अक्षसूक्तातल्या फाशांचे हेच नवे रूप. बेल्जियमच्या जुगार नियामकाने एप्रिल २०१८मध्ये काही प्रसिद्ध गेममधील अशा पेट्या जुगारच ठरवल्या. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, हे स्वागतार्हच आहे. अनेक घरे त्या खेळांनी धुऊन नेली होती. पण त्या कायद्याचा रोख पैशाच्या पैजेवर आहे. रंगीबेरंगी बालगेममध्ये मुलगी रोज एक पेटी उघडते, तिकडे लक्ष आई-वडिलांनाच द्यावे लागेल. फोनवर खरेदीसाठी संकेतशब्द लावणे आणि तो मुलांना न सांगणे, हे आज घरी गेल्यावर दहा मिनिटांत होण्याजोगे काम आहे.

आता मी थोडे अप्रिय बोलणार आहे. परदेशी गेमला जी फूटपट्टी लावली, तीच आपल्या गेमलाही लावायची की नाही? २००९मध्ये हैदराबादच्या एका कंपनीने बनवलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा गेम प्लेस्टेशनसाठी आला. देवाला कळफलकाच्या तालावर नाचवणे म्हणजे अवमान, असा आक्षेप अमेरिकेतील काही हिंदूंनी घेतला. तो आक्षेप मला पूर्णपणे पटत नाही. आपल्या रामलीलेत गावातला मुलगाच शेपूट लावून हनुमान होतो आणि त्यात कोणाला अवमान दिसत नाही. माझा प्रश्न निराळा आहे. हनुमंताच्या नावाचा कोणताही गेम घ्या. त्यात उड्या आणि गदा एवढेच असेल, तर जांबुवंताने आठवण करून देईपर्यंत स्वतःचे बळ विसरलेला, अशोकवनात सीतामाईपुढे अंगठी ठेवून हात जोडून उभा राहणारा मारुती त्यात कोठे आहे? नाव काढून टाकले आणि गेम जसाच्या तसा उरला, तर ते नाव केवळ वेष्टन होते असे समजावे.

हीच कसोटी मी ‘फौजी’लाही लावतो. पब्जीवरील बंदीनंतर त्याची घोषणा झाली आणि २६ जानेवारी २०२१ रोजी तो आला. उत्पन्नातील वीस टक्के वाटा ‘भारत के वीर’ निधीला देण्याचे घोषित झाले, ही गोष्ट आनंदाचीच होती. त्याचा पहिला भाग गलवानवर होता. १५ जून २०२०च्या रात्री त्या खोऱ्यात आपल्या वीस जवानांना वीरमरण आले. त्या जवानांविषयी मुलांना सांगायलाच हवे. पण बोटाने पडद्यावर टिचक्या मारत एकामागून एक माणसे लोळवणे, यातून दहा वर्षांच्या मुलाला त्या रात्रीचे काय कळते? हाडे गोठवणारी थंडी, प्राणवायू विरळ झालेली हवा, शेजारच्या साथीदाराला सोडून मागे न हटण्याचा निर्धार, यातले काहीही टिचकीत येत नाही. देशभक्तीचे नाव आहे म्हणून लहान मुलाच्या हाती तो द्यावा, हे मला मान्य नाही. त्यापेक्षा एखाद्या निवृत्त जवानाला आपल्या वस्तीत बोलवावे.

याउलट, पुण्याच्या एका छोट्या चमूने २०२०मध्ये ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ नावाचा गेम आणला. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या शोधात निघालेली राजी ही मुलगी त्याची नायिका. कथा सांगतात दुर्गा आणि विष्णू. राजस्थानी वास्तू, पहाडी शैलीची चित्रे, वाटेत भिंतींवरील चित्रांतून उलगडणाऱ्या पुराणकथा. मारामारी यातही आहे, आणि असुर लहान मुलांना घाबरवतील असे आहेत. बारा-तेरा वर्षांखालच्या मुलाला मी तो एकट्याने खेळू देणार नाही. लढाया मधूनमधून एकसुरी होतात, शेवटही अर्धवट सोडल्यासारखा वाटतो. तरीही त्यातली मुलगी दर पावलाला भावासाठीच पुढे जाते. ती कथा काढून घेतली तर गेम उरतच नाही. आणि मुख्य म्हणजे तो संपतो. एकदा पैसे दिले, काही तास खेळले, कथा पूर्ण झाली. उद्या पुन्हा आला नाहीस तर बक्षीस बुडेल, असे तो मुलाला धमकावत नाही. संपणारा गेम आणि कधीही न संपणारा गेम, हा भेद मला हिंसक आणि अहिंसक या भेदाइतकाच मोलाचा वाटतो. गोळ्या-मिठायांचे निरुपद्रवी दिसणारे पुष्कळ गेम या कसोटीवर नापास होतील. आणि ते खेळणाऱ्यांत केवळ मुले नसतात, काही आज्याही असतात.

‘व्यसन’ हा शब्द मात्र जपून वापरावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये गेमिंगच्या विकाराला आपल्या रोगवर्गीकरणात स्थान दिले आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२पासून लागू झाले. त्यातली व्याख्या कडक आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, जेवण-झोप-अभ्यास-मित्र यांच्यापेक्षा खेळाला वरचे स्थान देणे, आणि नुकसान दिसत असूनही थांबू न शकणे. तेही सर्वसाधारणपणे बारा महिने. सुट्टीत चार दिवस गेमला चिकटलेला मुलगा रोगी नसतो. मात्र ही लक्षणे खरोखर दिसत असतील तर ओरडण्यात वेळ घालवू नये. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये अशा तक्रारींसाठी २०१४पासून स्वतंत्र उपचार केंद्र आहे. आपल्या शहरातील मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यातही संकोच नसावा.

चीनने २०२१मध्ये मुलांना ऑनलाइन खेळण्यासाठी शुक्रवार, शनिवार, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा ठेवली. दक्षिण कोरियाने २०११पासून सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीनंतर ऑनलाइन खेळायला मनाई केली होती, आणि २०२२च्या आरंभी तो कायदा रद्द केला. आपला भरवसा कुटुंबावर आहे, आणि म्हणूनच कुटुंबाचे काम वाढते.

ते काम म्हणजे गेम मुलाला देण्याआधी स्वतः तासभर खेळणे. येत नसेल तर मुलालाच गुरू करावे. शिकवताना मूल जितके मोकळे बोलते तितके चौकशी करताना बोलत नाही. खेळताना पाहावे की हरल्यावर गेम काय म्हणतो. पुन्हा प्रयत्न कर म्हणतो की पैसे भर म्हणतो. अनोळखी माणूस मुलाशी बोलू शकतो का, हे तपासावे, आणि ती सोय लहान मुलांसाठी बंद करावी. आणि गेम संपल्यावर मुलाचा चेहरा पाहावा. बुद्धिबळात हरलेले मूल हिरमुसते, पण पट आवरून ठेवते. फोन आदळणारे मूल आपल्याला त्या गेमविषयी कोणत्याही मानांकनापेक्षा अधिक सांगत असते.

एक गोष्ट मुलांच्या बाजूनेही बोलली पाहिजे. येथे येताना मी तुमच्या परिसरातील तीन सोसायट्यांच्या फाटकांवर एकच फलक पाहिला, ‘आवारात खेळण्यास सक्त मनाई आहे.’ मोबाइल ठेव आणि बाहेर जाऊन खेळ, असे आपण मुलाला सांगतो, आणि बाहेर जाण्याची जागा मोटारींना दिलेली असते. तुमच्यापैकी जे या सोसायट्यांच्या समित्यांवर असतील त्यांनी पुढच्या सभेत संध्याकाळी साडेपाच ते साडेसात एवढा वेळ तरी मागून घ्यावा. काचा फुटतील, त्यांची वर्गणी काढू.

माझा वेळ संपत आला आहे. मागच्या रांगांत बरीच मुले बसलेली दिसतात, आणि मी पब्जीचे वर्णन करताना त्यांतले दोघे-तिघे हसत होते. माझे कोठेतरी चुकले असेल, तर ते त्यांना ठाऊक आहे. प्रश्नोत्तरांत आधी त्यांचे प्रश्न घेऊ, पालकांचे नंतर.